फॉरेन्सिक सायन्समध्ये मास्टर्स: अर्जापासून साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत

फॉरेन्सिकमध्ये मास्टर्स करायचंय म्हणून सल्ला विचारायला येणाऱ्यांना मी आधी उलटा प्रश्न विचारते. पदवीच्या वर्षांत तुमचा कुठला प्रयोग फसला, आणि तो का फसला हे तुम्ही कसं शोधून काढलंत? ज्याला याचं उत्तर सविस्तर देता येतं, त्याचं या विषयात बहुधा निभावतं. ज्याला गाजलेल्या खुनांची यादी तोंडपाठ आहे पण या प्रश्नावर तो गप्प बसतो, तो पहिल्या सत्रातच कंटाळतो. समोर आलेल्या नमुन्यातून जेवढं सिद्ध होतं तेवढंच सांगायचं, तसूभरही पुढे जायचं नाही, हे या शिक्षणाचं सार आहे. अर्जातल्या निबंधापासून कोर्टातल्या साक्षीपर्यंत परीक्षा होते ती याचीच.

पायरी १: कुठल्या टेबलावर बसायचंय ते ठरवा

फॉरेन्सिक या एकाच पाटीखाली फार वेगवेगळी कामं चालतात. जप्त केलेली पावडर ओळखणं हे रसायनशास्त्र. रक्त, लघवी किंवा यकृताच्या तुकड्यातलं औषध वा विष मोजणं ही टॉक्सिकोलॉजी. डीएनए म्हणजे निम्मं जीवशास्त्र आणि निम्मं संख्याशास्त्र. काचेचे कण, रंगाचे पापुद्रे, कपड्यांचे धागे, गोळीबारानंतर हातावर उरणारे कण हा सगळा सूक्ष्म पुराव्याचा विभाग. शिवाय बोटांचे ठसे, बंदुका आणि काडतुसं, हस्ताक्षर आणि दस्तऐवज, मोबाइल-संगणकातला डेटा, हाडं. यातल्या एका विभागातला माणूस दुसऱ्या विभागात सहज जाऊन बसू शकत नाही.

दोन गैरसमज इथेच दूर केलेले बरे. शवविच्छेदन डॉक्टर करतात. त्यासाठी आधी वैद्यकीय पदवी आणि नंतर त्या शाखेतलं विशेष शिक्षण लागतं, फॉरेन्सिक सायन्सच्या मास्टर्सने ते दार उघडत नाही. आणि गुन्हेगाराच्या मनाचा अभ्यास करायचा असेल तर रस्ता मानसशास्त्रातून जातो. घटनास्थळावरून पुरावे गोळा करण्याचं कामही बऱ्याच ठिकाणी पोलिसांकडेच असतं. प्रयोगशाळेतल्या विश्लेषकाला घटनास्थळ कित्येकदा बघायलाही मिळत नाही, त्याच्या टेबलावर येतं ते सीलबंद पाकीट.

शाखा ठरवण्यासाठी माहितीपुस्तकांपेक्षा नोकरीच्या जाहिराती वाचा. जिथे काम करावंसं वाटतं तिथल्या प्रयोगशाळांच्या दहा-बारा जाहिराती काढा आणि 'पात्रता' हा परिच्छेद शब्द न् शब्द वाचा. कोणते विषय, किती प्रात्यक्षिकं, कुठल्या उपकरणाची सवय, नागरिकत्वाची अट, सगळं तिथे लिहिलेलं असतं. पुढचे सगळे निर्णय त्या परिच्छेदावरून घ्यायचे.

पायरी २: स्वतःची गुणपत्रिका परक्याच्या नजरेने वाचा

डीएनएचंच उदाहरण घेऊ. अमेरिकेत डीएनए विश्लेषकासाठी एफबीआयची, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास संस्थेची, गुणवत्ता मानकं लागू होतात. त्यांत नुसती विज्ञानाची पदवी पुरत नाही. बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स आणि मॉलिक्युलर बायॉलॉजी हे विषय शिकल्याचं दाखवावं लागतं, वर संख्याशास्त्राचा किंवा पॉप्युलेशन जेनेटिक्सचा अभ्यास. विभागाचा तांत्रिक प्रमुख व्हायचं तर मास्टर्सच लागतं. आता गंमत अशी की, तुम्ही जेनेटिक्स मन लावून शिकलेले असता, पण गुणपत्रिकेवर त्या पेपरचं नाव 'जीवशास्त्र पेपर ५' असं काहीतरी मोघम असतं. तपासणाऱ्या माणसाला त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम आजच जपून ठेवा, शक्य असेल तर विभागाचा शिक्का मारून. कॉलेज सोडून पाच वर्षं झाल्यावर तो मिळवणं म्हणजे हेलपाटेच.

माझं मत विचाराल तर पदवी रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्रासारख्या मूळ विज्ञानात आणि मास्टर्स फॉरेन्सिकमध्ये, हा क्रम चांगला. पदवीच फॉरेन्सिकची असेल तर ती वाया जाते असं नाही, पण तिच्यात ऑरगॅनिक केमिस्ट्रीची प्रात्यक्षिकं आणि भौतिकशास्त्र पुरेसं होतं का, हे तपासा. संख्याशास्त्र राहून गेलं असेल तर अर्जाच्या आधी एखादा गुण मिळणारा कोर्स करून टाका. बहुतेक अर्जदार नेमके इथेच कच्चे असतात, त्यामुळे तो कोर्स गुणपत्रिकेवर लगेच डोळ्यांत भरतो.

पायरी ३: अभ्यासक्रम निवडा, इमारत नव्हे

या विषयाचं विद्यापीठीय शिक्षण बरंच जुनं आहे. रोडॉल्फ आर्चिबाल्ड राइस यांनी स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात १९०९ साली फॉरेन्सिकची स्वतंत्र शाळा सुरू केली. पण गेल्या काही दशकांत टीव्हीने विषयाला ग्लॅमर दिलं आणि 'फॉरेन्सिक' हा शब्द लावलेल्या पदव्यांचं पीक आलं. चांगलं-वाईट निवडायचं काम आता तुमचं.

पहिली चाळणी मान्यतेची. अमेरिकेत अमेरिकन अकॅडमी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेसच्या छत्राखाली फेपॅक हा आयोग अभ्यासक्रमांना मान्यता देतो, ब्रिटनमध्ये चार्टर्ड सोसायटी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेस. मान्यता विद्यापीठाला नसते, त्या विशिष्ट पदवीला असते, हे ध्यानात ठेवा. एकाच विद्यापीठाच्या एका पदवीला मान्यता असते आणि शेजारच्या विभागातल्या तशाच नावाच्या पदवीला नसते. मान्यता नसली म्हणजे अभ्यासक्रम टाकाऊ असं नाही, पण मग पुढच्या चौकश्या जास्त कसून करायच्या.

विभागाला मेल लिहून हे विचारा:

- जीसी-एमएस (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारं उपकरण), एफटीआयआर (इन्फ्रारेडने पदार्थ ओळखणारं उपकरण), कंपॅरिझन मायक्रोस्कोप (दोन नमुने शेजारी शेजारी बघायचा), डीएनएचा जेनेटिक अ‍ॅनलायझर यांपैकी काय काय आहे, आणि विद्यार्थी स्वतः चालवतात की काचेपलीकडून बघतात?
- शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष प्रकरणांवर काम करून कोर्टात साक्ष दिली आहे?
- मागच्या दोन-तीन तुकड्यांतले विद्यार्थी आज कुठे काम करतात?
- इंटर्नशिप विभाग मिळवून देतो की आपली आपण शोधायची?
- मूट कोर्ट, म्हणजे साक्षीचा सराव, सगळ्यांना सक्तीचा आहे का?

तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर सावध व्हा. संपूर्ण ऑनलाइन पदवीबद्दलही तसंच. आधीच प्रयोगशाळेत नोकरीला असलेल्या माणसाला बढतीसाठी ती चालून जाईल, पण नवख्याला पिपेटला हात न लावता मिळालेल्या पदवीवर प्रयोगशाळेत कुणी उभं करणार नाही.

परदेशी जायचा विचार असेल तर कालावधीतला फरक पाहा. अमेरिकेत मास्टर्स साधारण दोन वर्षांचं, ब्रिटनमध्ये एका वर्षाचं. वर्ष वाचतं हे खरं, पण त्या एका वर्षात प्रबंध आणि नोकरीची शोधाशोध एकाच वेळी उरकावी लागते. नागरिकत्वाची अट तर आधीच बघायची. सरकारी प्रयोगशाळांच्या बऱ्याच जागा त्या त्या देशाच्या नागरिकांसाठीच असतात. एफबीआयच्या सगळ्याच जागा अमेरिकन नागरिकांसाठी आहेत. पदवी घेऊन झाल्यावर ही अट कळणारे मी पाहिले आहेत.

पायरी ४: अर्ज

अर्जाच्या अंतिम तारखेपासून मागे मोजत साधारण वर्षभर आधी सुरुवात करा. भाषेची परीक्षा, जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, गुणपत्रिकांचे प्रमाणित उतारे यांना वेळ लागतो. जीआरईची अट आता अनेक ठिकाणी उठली आहे, तेव्हा ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा त्याच्याच पानावर खात्री करा.

उद्देशपत्र, म्हणजे आपलं 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', इथे बहुतेकांची गाडी घसरते. 'लहानपणापासून मला रहस्यकथांचं वेड होतं' आणि 'पीडितांना न्याय मिळवून द्यायचा आहे' ही दोन वाक्यं निवड समितीने इतक्या वेळा वाचलेली असतात की नजर आपोआप पुढच्या परिच्छेदावर जाते. दुसऱ्या वाक्यात तर दोषही आहे. विश्लेषक कुठल्याच बाजूचा नसतो. ज्याच्या चाचणीमुळे एखादा संशयित सुटतो त्यानेही आपलं काम चोखच केलेलं असतं. त्याऐवजी एक ठोस गोष्ट लिहा. तुम्ही कुठली मोजणी केलीत, ती पुन्हा केल्यावर आकडे का जुळले नाहीत, मग काय तपासलंत, आणि शेवटी किती खात्रीने निष्कर्ष काढलात. प्रयोग साधा टायट्रेशनचा असला तरी चालेल. त्यापुढे या विभागातल्या कोणत्या संशोधनाशी तुमचं जमतं ते नावानिशी लिहा. पानभर पुरे.

शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या माणसाकडून घेण्याचा मोह आवरा. ज्या सरांनी किंवा बाईंनी तुमची प्रयोगवही तपासली आहे, त्यांचं पत्र प्राचार्यांच्या चार गुळगुळीत ओळींपेक्षा वजनदार ठरतं. त्यांना आधीच सांगा की तुमच्या नीटनेटकेपणाबद्दल आणि प्रामाणिकपणाबद्दल एखादा प्रसंग लिहिला तर बरं होईल. या क्षेत्रात प्रामाणिकपणा हा शोभेचा गुण मानत नाहीत. मॅसॅच्युसेट्समधल्या सरकारी प्रयोगशाळेतली एक केमिस्ट नमुने न तपासताच निकाल लिहीत होती, हे २०१२ मध्ये उघड झालं. त्यातून २०१७ मध्ये अमली पदार्थांचे २१,००० हून जास्त खटले रद्द करावे लागले.

मुलाखत असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा २००९ चा अहवाल आधी चाळा. केंद्रकातल्या डीएनएची चाचणी सोडली, तर पुराव्याचा माग ठरावीक एका व्यक्तीपर्यंत मोठ्या खात्रीने आणि सातत्याने नेता येतो, असं फॉरेन्सिकच्या कुठल्याच पद्धतीबाबत काटेकोरपणे सिद्ध झालेलं नाही, असं त्यात म्हटलं आहे. या विषयाला लागलेला हा सगळ्यात मोठा हादरा. मुलाखतीत त्यावर तुमचं मत विचारलं आणि तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय असं दिसलं, तर समितीच्या मनात पाल चुकचुकणारच.

पैशांबद्दल थोडक्यात: वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सचा खर्च बहुधा आपला आपण उचलावा लागतो. प्रयोगशाळेत शिकवायला मदत करण्याच्या जागा थोड्या असतात, त्यांच्यासाठी वेगळा अर्ज लागतो का ते वेळेत विचारा.

पायरी ५: पार्श्वभूमी तपासणी आजपासून सुरू आहे असं समजा

प्रयोगशाळा नेमणुकीपूर्वी, आणि बऱ्याचदा इंटर्नशिपपूर्वीही, तुमची कसून चौकशी करतात: जुन्या नोकऱ्या, कर्ज, गुन्ह्यांची नोंद, अमली पदार्थांची चाचणी. तुमच्या बोटांचे ठसे घेतात. डीएनए विभागात तुमचाच नमुना घेऊन ठेवतात, म्हणजे चुकून तुमच्या थुंकीचा तुषार एखाद्या पुराव्यावर उडाला तर ओळखता येईल. पूर्वी काही घडलं असेल तर ते लपवू नका. घटना किरकोळ असली तर तिला सहसा माफी मिळते, ती दडवली तर मिळत नाही. वर्गातले, प्रकरणांचे, इंटर्नशिपचे फोटो सोशल मीडियावर टाकायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

पायरी ६: पहिलं सत्र, वही आणि पाकीट

पहिले काही आठवडे तुम्हाला वाटेल की आपण लेबलं लावायला आलो आहोत का? होय, लेबलंच. पाकिटावर नमुन्याचा क्रमांक, कुणी, कधी, कुठून घेतला. सीलवर अर्धी आणि कागदावर अर्धी अशी आद्याक्षरं, म्हणजे सील उघडलं तर कळावं. हातोहात फिरताना प्रत्येक देवाणघेवाणीची नोंद. यालाच चेन ऑफ कस्टडी म्हणतात. ही साखळी एका जागी तुटली तर मागचं सगळं उत्तम विश्लेषण पाण्यात जातं. रक्ताने ओला कपडा प्लास्टिकमध्ये बांधला तर ओलाव्यात जिवाणू आणि बुरशी वाढून डीएनएची नासाडी होते, म्हणून तो वाळवून कागदी पाकिटात. उलट जाळपोळीतला कोळसा हवाबंद डब्यात, कारण त्यातलं पेट्रोल उडून गेलं की तपासायला काही उरत नाही. पाठ करण्यापेक्षा दर वेळी 'का' विचारलंत तर हे नियम आपोआप लक्षात राहतात.

प्रयोगवहीचे नियम सोपे आणि निर्दय. काम चालू असतानाच लिहायचं, नंतर आठवून नाही. खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. पान फाडणं म्हणजे महापाप. कोर्टात वकील तुमच्या हातून ती वही घेऊन एकेक ओळ विचारू शकतो, त्यामुळे आज वर्गातल्या बनावट प्रकरणासाठीसुद्धा तशीच लिहा.

आता एक चाचणी जवळून बघू, कारण अख्ख्या अभ्यासक्रमाची वृत्ती तिच्यात दिसते. रक्ताच्या संशयित डागासाठी कॅसल-मायर चाचणी करतात. डागावर कापसाचा बोळा हलकेच फिरवायचा. त्यावर थेंबभर इथेनॉल, मग क्षपण केलेल्या फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब. थांबून बघायचं. काही झालं नाही, तर शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. काही सेकंदांत बोळा गडद गुलाबी झाला तर चाचणी सकारात्मक. पेरॉक्साइड टाकायच्या आधीच गुलाबी झाला तर तिथे एखादं ऑक्सिडीकारक रसायन असण्याची शंका, तो निकाल धरायचा नाही. आणि पेरॉक्साइड टाकून बोळा तसाच ठेवलात तर थोड्या वेळाने हवेतल्या ऑक्सिजननेही तो गुलाबी होतोच, तेव्हा उशिराचा रंगही धरायचा नाही. दर वेळी खात्रीच्या रक्ताचा एक आणि कोरा एक असे दोन जोडनमुने (कंट्रोल), म्हणजे चाचणी नीट चालते की नाही हे दाखवणारे नमुने, चालवायचे.

समजा, सगळं व्यवस्थित झालं आणि बोळा लगेच गुलाबी झाला. अहवालात काय लिहाल? 'डाग रक्ताचा आहे' असं लिहिणारा विद्यार्थी नापास. काही भाज्यांमधली पेरॉक्सिडेज विकरंही हाच रंग देतात, हॉर्सरॅडिश या मुळ्यासारख्या भाजीचा कंद त्यासाठी प्रसिद्धच आहे. रक्त माणसाचं की जनावराचं हेही ही चाचणी सांगत नाही. तेव्हा लिहायचं ते असं: 'रक्ताच्या प्राथमिक चाचणीचा निकाल सकारात्मक.' खात्रीची चाचणी पुढे. अमली पदार्थांतही हाच शिरस्ता. रंग बदलणाऱ्या चाचणीने नुसती दिशा कळते, ओळख पटवायला इन्फ्रारेड किंवा मास स्पेक्ट्रोमेट्रीसारखं भक्कम तंत्र आणि त्याच्या जोडीला आणखी किमान एक वेगळं तंत्र लागतं.

स्वच्छतेच्या नियमांचा कंटाळा आला की जर्मनीतलं प्रकरण आठवा. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे ४० गुन्ह्यांच्या ठिकाणी एकाच अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडत होता. पोलीस वर्षानुवर्षं तिच्या मागावर होते. २००९ मध्ये कळलं की, तो डीएनए नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्यांवरच होता, त्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या एका कामगार बाईचा. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. पुढे २०१६ मध्ये अशा साहित्यासाठी आयएसओ १८३८५ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानकच आलं. कोरा जोडनमुना कशासाठी चालवायचा, याचं यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

पायरी ७: संख्याशास्त्राशी मैत्री करा, इलाज नाही

या पेपरात सर्वांत जास्त विद्यार्थी अडखळतात. अडचण गणिताची नसते, वाक्याची असते. समजा, घटनास्थळावरच्या डागाशी आरोपीचा डीएनए जुळला आणि असा नमुना लोकसंख्येत १० लाखांत एकाचा आढळतो. म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यता १० लाखांत एक, असं म्हणावंसं वाटतं. हे साफ चूक. ज्या भागात एक कोटी माणसं राहतात, तिथे या हिशेबाने सुमारे दहा जणांचा नमुना असाच असेल. आरोपी त्या दहांतला एक आहे, एवढंच डीएनए सांगतो. बाकीचं इतर पुराव्यांवर. या गफलतीला 'प्रॉसिक्यूटर्स फॅलसी' म्हणतात आणि परीक्षेत ती हमखास विचारतात.

ब्रिटनमधल्या सॅली क्लार्क खटल्यात आकड्यांनी काय केलं तेही वाचा. दोन तान्ह्या मुलांच्या मृत्यूबद्दल तिला १९९९ मध्ये जन्मठेप झाली. एका बालरोगतज्ज्ञांनी साक्षीत सांगितलं होतं की, अशा कुटुंबात एक आकस्मिक बालमृत्यू ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन होण्याची शक्यता सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. त्यांनी आकड्याचा सरळ वर्ग केला होता. पण एकाच घरातल्या दोन मुलांचे मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र कसे धरायचे? रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून यावर आक्षेप घेतला. २००३ मध्ये, आधी पुढे न आलेला एक वैद्यकीय अहवाल समोर आल्यावर, तिची शिक्षा रद्द झाली.

म्हणून अभ्यासक्रमात लाइकलिहुड रेशो शिकवतात. आरोपीच त्या डागाचा स्रोत असता तर हा निकाल मिळण्याची शक्यता किती, आणि दुसराच कुणी असता तर किती, या दोन्हींचं गुणोत्तर. हे गुणोत्तर पुराव्याचं वजन सांगतं, दोष ठरवत नाही. मित्राला विज्ञानाचा गंध नसेल तर उत्तमच, त्याला ही व्याख्या समजावून सांगायचा सराव करा. त्याने ती उलटी करून सांगितली तर तुमचं वाक्य अजून कच्चं आहे.

पायरी ८: आपल्याच डोळ्यांवर संशय घ्यायला शिका

२००४ च्या माद्रिद रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवर मिळालेला ठसा एफबीआयच्या अनुभवी तज्ज्ञांनी ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा ठरवला. त्याला अटक झाली. स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवल्यावर तो सुटला. दोन वर्षांनी इटिएल ड्रोर आणि सहकाऱ्यांनी पाच ठसेतज्ज्ञांपुढे दोन ठसे ठेवले आणि हेच ते माद्रिदचे चुकलेले ठसे, असं सांगितलं. खरं तर ते त्या त्या तज्ज्ञाने स्वतः पूर्वी 'जुळतात' म्हणून सही केलेले ठसे होते. पाचांपैकी तिघांनी 'जुळत नाहीत' म्हटलं, एकाला ठरवता येईना, एकच जण आपल्या मतावर राहिला. तज्ज्ञांचं हे असं, तर आपलं काय!

याचा अभ्यासात उपयोग असा: प्रात्यक्षिकाला बनावट प्रकरणाची गोष्ट दिली असली, तर आधी नमुना तपासून निरीक्षण लिहून टाका आणि मगच गोष्ट वाचा. जोडीदाराचा निकाल आधी विचारू नका.

पायरी ९: मूट कोर्ट

मूट कोर्टची सगळ्यांना धास्ती वाटते, पण खरं शिक्षण तिथेच होतं. सरतपासणीत तुम्हाला साक्षीला बोलावणारा वकील सोपे प्रश्न विचारतो, मग उलटतपासणीत दुसऱ्या बाजूचा वकील तुमच्या वाक्याचा एकेक शब्द सोलतो. उत्तर न्यायाधीशांकडे बघून द्यायचं, छोटं द्यायचं, आणि 'मला माहीत नाही' किंवा 'ही चाचणी ते सांगू शकत नाही' म्हणताना अंग चोरायचं नाही. 'असं असू शकेल का?' या प्रश्नावर खरंच असू शकत असेल तर 'हो' म्हणा. वकिलाला हरवायला तुम्ही उभे नसता. जास्तीची खात्री अंगाशी कशी येते, याचा दाखला एफबीआयनेच दिला: सूक्ष्मदर्शकाखाली केसांची तुलना करणाऱ्या त्यांच्या तज्ज्ञांच्या जुन्या साक्षी तपासल्या, तेव्हा पाहिलेल्यांपैकी किमान ९० टक्के खटल्यांच्या नोंदींत चुकीची विधानं निघाली, असं २०१५ मध्ये जाहीर झालं.

पायरी १०: प्रबंध आणि इंटर्नशिप

इंटर्नशिपचा अर्ज पहिल्याच सत्रात करा, कारण पार्श्वभूमी तपासणीत महिने जातात. प्रबंधाचा विषय जेवढा लहान तेवढा चांगला. 'गुन्हेतपासात धाग्यांचं महत्त्व' हा निबंधाचा विषय झाला. 'सुती शर्टावर लागलेले ॲक्रिलिकचे धागे आठ तास अंगावर वावरल्यानंतर किती उरतात' हा प्रबंध होऊ शकतो. माणसांचं रक्त, लाळ, ठसे वापरणार असाल तर नैतिकता समितीची परवानगी लागते, ती मिळेपर्यंत एकही नमुना घ्यायचा नाही. खऱ्या प्रकरणांचा डेटा मिळेल या भरवशावर विषय ठरवू नका. आणि निकाल नकारात्मक आला तर तसाच लिहा, मार्क कमी होत नाहीत.

मनावर येणाऱ्या ताणाबद्दल अभ्यासक्रम फारसं बोलत नाहीत. लहान मुलांच्या प्रकरणांचे फोटो सगळ्यांना सारखे झेपत नाहीत, आणि ते आधी कळतही नाही. झोप उडाली, जेवण जाईना, तर समुपदेशकाकडे जा आणि विभागालाही सांगा. फोटो न बघता पावडरी आणि स्पेक्ट्रम बघत आयुष्य काढता येईल अशा शाखा आहेत.

पायरी ११: पदवीनंतर

नोकरी लागली तरी पहिल्या दिवशी प्रकरण हातात मिळत नाही. शाखेप्रमाणे काही महिने ते दीड-दोन वर्षं प्रशिक्षण, मग क्षमता चाचणी, मगच स्वतःच्या सहीने अहवाल. त्यानंतरही ठरावीक काळाने प्रवीणता चाचण्या असतात, अमेरिकेत डीएनए विश्लेषकांना वर्षातून दोनदा.

बायोडेटात उपकरणांची नुसती यादी देऊ नका. 'जीसी-एमएसचे ज्ञान' यापेक्षा 'प्रबंधासाठी स्वतः नमुने तयार करून जीसी-एमएसवर चालवले, दुरुस्ती तंत्रज्ञाने केली' हे वाक्य मुलाखतीत टिकतं, कारण पुढचा प्रश्न 'इन्लेट लायनर (नमुना आत सोडायच्या जागेतली काचेची नळी) कधी बदललात?' असा असतो. तपासणी पूर्ण होऊन नेमणूकपत्र यायला वेळ लागतो, तोवर हात रिकामे ठेवू नका. औषध कंपन्यांचा गुणवत्ता विभाग, अन्नतपासणी, पाणी आणि प्रदूषणाच्या प्रयोगशाळा, खेळाडूंची डोपिंग चाचणी करणाऱ्या संस्था, सगळीकडे हीच उपकरणं आणि हेच वहीचे नियम चालतात. त्यातल्याही आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांच्या गुणवत्तेच्या मानकाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला पसंती द्या. गुन्हे प्रयोगशाळाही त्याच मानकावर चालतात, त्यामुळे तिथलं वर्षभराचं काम अर्जात अनुभव म्हणून लिहिता येतं.